दुपारी बंद पडणारा आणि दार उघडताच सुधारणारा सर्व्हर : रॅकमधील वीज आणि उष्णतेचा ताळा

तक्रार बहुधा याच शब्दांत येते : सकाळी सर्व काही ठीक असते, दुपारी तीनच्या सुमारास काम मंदावते, सर्व्हर खोलीतील पंख्यांचा आवाज शेजारच्या केबिनपर्यंत पोहोचतो आणि साडेतीन-चारच्या दरम्यान रॅकमधील, म्हणजे यंत्रे एकावर एक बसवण्याच्या लोखंडी कपाटातील, सर्वांत वरचा सर्व्हर आपोआप बंद पडतो. विदर्भातील लहान संस्थांच्या सर्व्हर खोल्यांची देखभाल करताना मार्च ते जून या काळात ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे, की आता फोन उचलताच मी पहिला प्रश्न विचारतो तो रॅकच्या दाराविषयी. असे का, ते एका प्रत्यक्ष उदाहरणावरून सांगतो.

अकोल्यातील एका पतसंस्थेत हा दोष सलग दोन उन्हाळे परत परत येत राहिला. खोली सुमारे तीन मीटर बाय साडेतीन मीटर, उंची तीन मीटर, सर्वांत वरच्या मजल्यावर आणि पश्चिमेची भिंत उन्हात. खोलीत ४२ यू (यू हे रॅकमधील उंची मोजण्याचे एकक) उंचीचा एक रॅक होता आणि त्यात प्रत्येकी दोन यूचे चार सर्व्हर, बारा डिस्कचा दोन यूचा एक स्टोअरेज बॉक्स, नेटवर्कचे दोन स्विच आणि एक फायरवॉल (नेटवर्कच्या संरक्षणाचे यंत्र) एवढीच सामग्री होती. भिंतीवर दीड टनाचा स्प्लिट एसी होता. दोष शोधायला आलेल्या प्रत्येकाने आपापल्या परीने उपाय सुचवले होते : सर्व्हर पुरवणाऱ्याने मदरबोर्ड बदलून दिला होता, एसीवाल्याने दोन टनांचा आणखी एक एसी लावण्याचे कोटेशन दिले होते, आणि शाखाधिकाऱ्यांनी खोलीत डेझर्ट कूलर ठेवण्याचा विचार बोलून दाखवला होता. कूलरचा विचार मी तेथेच थांबवला. बंद खोलीत कूलर हवेत फक्त ओलावा भरत राहतो, आणि आमच्याकडील जड पाण्याचे क्षार हवेबरोबर उडून यंत्रांच्या आत जाऊन बसतात.

मात्र सर्वांना गोंधळात टाकणारी गोष्ट वेगळीच होती. तंत्रज्ञ येऊन रॅकसमोर बसला, की दोष नाहीसा होत असे. तो तास-दीड तास थांबे, सर्व आकडे नीट दिसत, तो अहवालावर सही घेऊन जाई आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तोच सर्व्हर पुन्हा बंद पडे.

आधी वॅट मोजावेत

एसी अपुरा आहे की नाही हे ठरवण्यापूर्वी रॅक किती उष्णता देतो हे कळले पाहिजे, आणि ते कळण्यासाठी रॅक किती वीज घेतो एवढेच मोजावे लागते. सर्व्हरमध्ये शिरलेली वीज आकडेमोडीच्या रूपाने कोठेही साठून राहत नाही. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, पॉवर सप्लायमधील (सर्व्हरच्या भागांना वीज पुरवणाऱ्या आतील युनिटमधील) तूट आणि पंख्यांनी ढकललेली हवा या सर्वांचा शेवट उष्णतेतच होतो. म्हणून १ वॅट वीज म्हणजे ताशी ३.४१२ बीटीयू (एसीच्या हिशेबात वापरले जाणारे उष्णतेचे एकक) उष्णता हा सरळ हिशेब रॅकला लागू पडतो. एसीचा एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, म्हणजेच सुमारे ३,५१७ वॅट.

एसीवाल्याने आपला हिशेब पॉवर सप्लायवरील लेबल वाचून केला होता. चार सर्व्हर, प्रत्येकात ७५० वॅटचे दोन पॉवर सप्लाय, म्हणून ६,००० वॅट, आणि इतर सामग्री वेगळी. ही चूक फार सर्रास होते. लेबलवरचा आकडा पॉवर सप्लाय जास्तीत जास्त किती देऊ शकतो हे सांगतो, सर्व्हर किती घेतो हे सांगत नाही. शिवाय दोन सप्लायपैकी दुसरा हा पहिला बंद पडला तर सर्व भार पेलण्यासाठी बसवलेला असतो, त्यामुळे दोन्ही आकड्यांची बेरीज करण्याला काही अर्थच उरत नाही.

प्रत्यक्ष खप मोजण्यासाठी मी यूपीएसच्या आउटपुटवर क्लॅम्प मीटर लावला. येथे एक गोष्ट नव्या मंडळींच्या लक्षात राहत नाही : क्लॅम्प फक्त फेजच्या तारेभोवती लावायचा असतो, संपूर्ण केबलभोवती लावल्यास फेज आणि न्यूट्रलमधील प्रवाह एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात आणि मीटर शून्य दाखवतो. त्यासाठी डीबी, म्हणजे वीजवाटपाची पेटी, उघडावी लागते, म्हणून हे काम वायरमनकडूनच करून घ्यावे. दुपारी तीन वाजता, रॅकचे दार बंद असताना, २२८ व्होल्टवर ७.५ अँपिअर प्रवाह आढळला. आधुनिक पॉवर सप्लायचा पॉवर फॅक्टर (व्होल्ट आणि अँपिअरच्या गुणाकारापैकी प्रत्यक्ष वॅट किती, ते प्रमाण) चांगला असतो, तो ०.९७ धरल्यास खप सुमारे १,६६० वॅट होतो. यूपीएस त्याच खोलीत असल्याने त्याची सुमारे १६० वॅटची तूटही उष्णता म्हणून जमेस धरली पाहिजे. एकूण १,८२० वॅट, म्हणजे ताशी सुमारे ६,२०० बीटीयू, म्हणजे जेमतेम अर्धा टन.

ज्यांच्याकडे क्लॅम्प मीटर नाही त्यांनी सर्व्हरच्या व्यवस्थापन पोर्टचा उपयोग करावा. आयड्रॅक, आयलो किंवा तत्सम नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पोर्टवर त्या क्षणीचे वॅट, मागील काही काळाचा आलेख आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान ही सर्व माहिती मिळते. मात्र लहान संस्थांमध्ये या पोर्टला केबलच जोडलेली नसते, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की त्याचे आता आश्चर्यही वाटत नाही.

अर्ध्या टनाच्या उष्णतेसमोर दीड टनाचा एसी अपुरा पडावा कसा? एसीची क्षमता बाहेर ३५ अंश आणि आत २७ अंश तापमान धरून ठरवलेली असते; अकोल्यात बाहेर ४४ अंश असताना तोच एसी त्यापेक्षा कमी थंडावा देतो, हे खरे आहे. घरगुती एसीची काही क्षमता हवेतील ओलावा काढण्यात खर्च होते, हेही खरे आहे. परंतु विदर्भातील एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हा खर्च फार थोडा असतो, उलट कोकणात किंवा गोव्यात तो क्षमतेचा मोठा वाटा खातो. पश्चिमेची भिंत आणि तापलेला स्लॅब यांतून येणारी उष्णता त्यात मिळवली, तरी दीड टनात हे सर्व बसायला हवे होते. म्हणजे थंडावा तयार होत होता, पण तो सर्व्हरच्या तोंडापर्यंत पोहोचत नव्हता.

खोलीचे तापमान आणि सर्व्हरचे तापमान

एसीच्या रिमोटवर २२ अंश, भिंतीवरील थर्मामीटरमध्ये २५ अंश. या दोन आकड्यांवर विसंबून सर्वांनी खोली थंड असल्याचा निर्वाळा दिला होता. सर्व्हरला मात्र भिंतीजवळच्या हवेशी काही देणेघेणे नसते, त्याला आपल्या पुढच्या जाळीतून आत येणाऱ्या हवेशी देणेघेणे असते. अ‍ॅश्रे या अमेरिकी अभियंता संस्थेने शिफारस केलेली १८ ते २७ अंशांची मर्यादाही याच आत येणाऱ्या हवेसाठी आहे.

सकाळी अकरा वाजता, दार बंद ठेवून, मी चारही सर्व्हरचे अंतर्गत आकडे वाचले. सर्वांत खालच्या सर्व्हरला २४ अंशांची हवा मिळत होती आणि सर्वांत वरच्याला ३४ अंशांची. एकाच रॅकमध्ये खालून वरपर्यंत दहा अंशांचा फरक असेल, तर यंत्रांतून मागे बाहेर पडलेली गरम हवा वळून पुन्हा पुढे येत आहे असे निःशंकपणे समजावे. त्यानंतर मी दार उघडले. दहा मिनिटांत वरच्या सर्व्हरचा आकडा २७ वर आला. दोन उन्हाळ्यांचे कोडे तेथेच सुटले : प्रत्येक तंत्रज्ञ तपासणीसाठी दार उघडत होता, दार उघडताच दोष जात होता, आणि निघताना तो शिस्तीने दार लावून, किल्ली शाखाधिकाऱ्यांच्या हातात देऊन जात होता.

ते दार काचेचे होते. स्विच आणि पॅच पॅनल (नेटवर्कच्या केबल जोडण्याच्या पट्ट्या) ठेवण्यासाठी विकले जाणारे रॅक बहुधा अशाच गडद काचेच्या दारासह येतात. दिसायला ते सुरेख असतात आणि दोन स्विचपुरते चालूनही जातात. सर्व्हर मात्र पुढून हवा घेतो आणि मागे सोडतो. १,६६० वॅट उष्णता वाहून नेताना हवेचे तापमान बारा अंशांनी वाढू द्यायचे ठरवले, तर रॅकमधून ताशी सुमारे ४१० घनमीटर हवा जावी लागते. खोलीतील सर्व हवा तासाला तेरा वेळा रॅकमधून जाण्याइतका हा प्रवाह आहे. काचेच्या कडेच्या बोटभर फटीतून तो जाणे शक्य नाही. पुढून हवा मिळत नाही असे दिसताच पंखे ती जेथून मिळेल तेथून ओढतात, आणि या रॅकमध्ये ती मिळण्याची मोठी सोय होती. सर्व सामग्री मिळून १३ यू भरत होते, उरलेले २९ यू उघडे होते. एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर, २९ यू म्हणजे जवळजवळ १.३ मीटर उंचीची उघडी खिडकीच. मागची गरम हवा या खिडकीतून पुढे येई, काचेमागे अडके, वर चढे आणि वरच्या सर्व्हरच्या तोंडात जाई.

याच काचेने एसीलाही फसवले होते. एसी रॅकच्या समोरच्या भिंतीवर होता. त्याचा गार झोत काचेवर आपटून परत एसीकडेच येत होता आणि खोली गार झाल्याचे समजून कॉम्प्रेसर विश्रांती घेत होता. वरचा सर्व्हर ४० अंशांची हवा गिळत असताना बाहेरील युनिट शांत उभे असलेले मी स्वतः पाहिले.

मग हे दुपारीच का होत होते? पिग्मी एजंटांची यंत्रे दुपारी अडीच-तीनपासून जमा रकमांची माहिती चढवू लागत, त्यामुळे एरवी रिकामे बसलेले प्रोसेसर कामाला लागत आणि वॅट वाढत. रिकाम्या आणि पूर्ण कामातील सर्व्हरच्या खपात दुपटीचा फरक सहज पडतो. त्याच वेळी बाहेर ऊन कडक असे. शिवाय गच्चीवरील बाहेरच्या युनिटची कॉइल जिनिंगच्या हंगामात उडून आलेल्या कापसाच्या तंतूंनी भरली होती. पाण्याचा फवारा मारला तेव्हा तो थर घोंगडीच्या तुकड्यासारखा अखंड सुटून आला. आत येणारी हवा तापली की सर्व्हरचे पंखे वेग वाढवतात, वेग वाढला की ते मागची गरम हवा अधिक जोराने ओढतात, आणि हवा आणखी तापते. हे चक्र सुरू झाल्यावर अर्ध्या तासात वरच्या सर्व्हरने ४२ अंशांचा इशारा आणि नंतर ४७ अंशांची बंद होण्याची मर्यादा गाठली, हे त्याच्या घटनानोंदीत वेळेसह लिहिलेले होते. ती नोंद यापूर्वी कोणी उघडली नव्हती.

हवेचा मार्ग डोळ्यांनी पाहायचा असेल तर अनेक जण उदबत्ती लावतात. छतावर धूर ओळखणारे यंत्र असल्यास त्यातून भलताच गोंधळ होतो, म्हणून मी टिश्यू पेपरची वीतभर पट्टी वापरतो. रिकाम्या यूसमोर ती धरली असता ती रॅकमध्ये ओढली जाण्याऐवजी आपल्याकडे फडफडू लागली, तर गरम हवा तेथून पुढे येत आहे. इन्फ्रारेड थर्मामीटर या कामाला उपयोगी नाही. तो पृष्ठभागाचे तापमान सांगतो, हवेचे नाही.

काय बदलले

काचेचे दार बिजागरीतून काढून टाकले. कुलपाची गरज असेल तेथे भरपूर जाळी असलेले, म्हणजे निम्म्याहून बरेच अधिक क्षेत्रफळ मोकळे असलेले, लोखंडी दार मिळते. रिकाम्या जागी ब्लँकिंग प्लेट, म्हणजे उघडे यू झाकणाऱ्या पट्ट्या, बसवल्या. त्या गावात मिळाल्या नाहीत, म्हणून फॅब्रिकेशनवाल्याकडून पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या कापून, भोके पाडून घेतल्या. पुठ्ठा किंवा थर्माकोल कायमचा लावू नये, त्याला आग लागू शकते. परंतु आपल्या रॅकमध्ये हाच दोष आहे का हे तपासण्यासाठी, समोर उभे राहून, तासाभरापुरता पुठ्ठा लावून पाहण्यास हरकत नाही. एसीचे झोत वळवणारे पाते अशा कोनात ठेवले की गार हवा रॅकच्या पुढच्या भागावरून खाली उतरेल.

दुसरा एसी घ्यावा लागला नाही. त्यानंतरच्या आठवड्यात बाहेर ४४ अंश असताना वरच्या सर्व्हरला २६ ते २७ अंशांची हवा मिळत होती. माझ्या दृष्टीने अधिक बोलका आकडा क्लॅम्प मीटरचा होता : तेच काम, तीच वेळ, आणि खप १,६६० वरून १,५४० वॅटवर आला होता. हा १२० वॅटचा फरक मुख्यतः पंख्यांचा आहे. पंख्याला लागणारी वीज त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की वीज आठपट लागते, आणि वेग फक्त एक पंचमांशाने कमी केला तरी ती जवळजवळ निम्म्यावर येते. सर्व्हरचे सहा पंखे मिळून अर्ध्या वेगाला १५ वॅट घेत असतील, तर पूर्ण वेगाला १२० वॅट घेतील. आवाज करणारा सर्व्हर म्हणजे वीज खाणारा सर्व्हर, एवढे कानांनाही कळते.

हवा थंड असूनही पंखे सतत पूर्ण वेगाने फिरत असतील, तर कारण वेगळे शोधावे. वरचे झाकण नीट न बसणे, एखादा पंखा बंद असणे, आतील प्लास्टिकचे हवा वळवणारे आच्छादन दुरुस्तीनंतर परत न बसवणे ही नेहमीची कारणे आहेत. काही सर्व्हर उत्पादकाच्या यादीत नसलेले कार्ड बसवल्यावर त्याचे तापमान कळत नसल्यामुळे सुरक्षिततेसाठी पंखे वाढवतात. बायॉसमधील (सर्व्हरच्या मूळ सेटिंगच्या प्रोग्राममधील) वीजविषयक सेटिंगही एकदा पाहून घ्यावे. ते कायम सर्वोच्च कामगिरीवर ठेवलेले असेल, तर रात्री कोणी काम करत नसतानाही प्रोसेसर वीज घेत राहतो.

एमसीबी पडण्याचा दोष

सर्व्हर उष्णतेने बंद पडला की वीज गेल्यामुळे, हे घटनानोंदीवरून आधी ठरवावे, कारण दुसऱ्या प्रकारच्या दोषावर वरील उपाय लागू पडत नाहीत. त्याचे सर्वांत फसवे रूप असे असते : प्रत्येक सर्व्हरचा एक पॉवर सप्लाय एका १६ अँपिअरच्या लाइनवर आणि दुसरा दुसऱ्या लाइनवर जोडलेला असतो, दोन्ही लाइनवर अकरा-अकरा अँपिअर भार असतो, आणि दोन्हीकडे पुष्कळ जागा शिल्लक आहे असे सर्वांना वाटत असते. एक लाइन काही कारणाने गेली की संपूर्ण २२ अँपिअर दुसरीवर येतात. एमसीबी, म्हणजे जादा प्रवाहाला लाइन आपोआप तोडणारा स्विच, एवढ्या जादा भाराला लगेच पडत नाही. आतील पट्टी तापायला वेळ लागतो, म्हणून कधी वीस मिनिटांनी, कधी तासाभराने तो पडतो, आणि पहिली लाइन जाण्याशी या घटनेचा संबंध कोणी जोडत नाही. शिवाय एमसीबीची मर्यादा ३० अंश तापमान धरून ठरवलेली असते. उन्हाच्या भिंतीवरील बंद डीबीमध्ये तो त्याहून कमी प्रवाहालाच पडतो. म्हणून दोन्ही लाइनची बेरीज एका एमसीबीच्या ८० टक्क्यांच्या आत, म्हणजे १६ अँपिअरसाठी १२.८ अँपिअरच्या आत राहिली पाहिजे. मोठा एमसीबी लावून हा दोष झाकू नये. मागची तार तेवढ्या प्रवाहाची नसेल, तर मग एमसीबीऐवजी तारच तापते.

वीज गेल्यावर

पतसंस्थेत शेवटी एक धोका उरला होता. वीज जाते तेव्हा यूपीएस सर्व्हर चालू ठेवतो, परंतु एसी यूपीएसवर नसतो. त्या खोलीतील हवेला एक अंशाने तापवायला सुमारे ३८ किलोज्यूल लागतात. १,८२० वॅटच्या उष्णतेने कागदावर हे तापमान मिनिटाला जवळजवळ तीन अंशांनी वाढते. भिंती आणि लोखंड काही उष्णता शोषून घेतात, त्यामुळे प्रत्यक्षात वेग कमी असतो. तरीही तासाभराचा बॅकअप देणारी बॅटरी म्हणजे तासभर सर्व्हर चालतीलच असे नाही. उष्णतेचा फटका बॅटरीलाही बसतो : बंद शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर आठ ते दहा अंशांना सुमारे निम्मे होते. म्हणून शक्य असल्यास यूपीएस रॅकच्या मागच्या गरम बाजूला ठेवू नये.

वीज परत आल्यावर स्टॅबिलायझर एसीला सुमारे तीन मिनिटे थांबवून ठेवतो, आणि आपोआप सुरू होण्याची सोय नसलेला एसी तर कोणी रिमोट दाबेपर्यंत बंदच राहतो. रात्री अडीच वाजता तो दाबायला कोणी नसते. आम्ही आपोआप सुरू होणारा एसी बसवला, बॅटरी वीस मिनिटे वापरून झाल्यावर सर्व्हर क्रमाने बंद होतील अशी यूपीएसमध्ये व्यवस्था केली, आणि परत सुरू होताना चारही सर्व्हरनी एकदम प्रवाह ओढू नये म्हणून प्रत्येकाच्या बायॉसमध्ये सुरू होण्याची वेळ वेगवेगळी ठेवली. आत येणारी हवा ३२ अंशांवर गेली की शाखाधिकारी आणि मी अशा दोघांनाही संदेश जातो.

हा सर्व हिशेब दोन-तीन किलोवॅटच्या रॅकसाठी आहे. आठ जीपीयू (एकाच वेळी प्रचंड आकडेमोड करणारे प्रोसेसर) असलेला एनव्हिडियाचा डीजीएक्स एच१०० हा एकच सर्व्हर कमाल १०.२ किलोवॅट घेतो, म्हणजे त्या एका यंत्राला जवळजवळ तीन टन थंडावा लागतो. तशा यंत्राला घरगुती एसीच्या खोलीत जागा नाही. पतसंस्थेतील काचेचे दार मात्र अजून रॅकमागे भिंतीला टेकवून ठेवलेले आहे, आणि लेखापरीक्षक येणार असले की ते परत बसवायचे का, असा फोन मला दर मार्चमध्ये येतो.